"एकदाच भरा" म्हणून दहा वर्षांची पॉलिसी: ज्येष्ठांची फसवणूक कागदावर कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, नाशिकरोडला राहतात, पेन्शन महिना ३२ हजार. गेल्या वर्षी पाच लाखांची एफडी संपली तेव्हा ओळखीच्या एजंटाने "एकदाच भरा, पाच वर्षांनी दीडपट घ्या" असे सांगून ती रक्कम विम्यात वळवली. आता दुसऱ्या पाच लाखांच्या हप्त्याची नोटीस आली आहे. पॉलिसी उघडून पाहिली तर हप्ते दहा वर्षे भरायचे आहेत आणि विमा वडिलांवर नसून मुलावर आहे. मुलाने, म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्याने, कुठेही सही केलेली नाही. पैसे परत मिळतील का, आणि तोवर दुसरा हप्ता भरावा का?

हप्ता भरू नका आणि घाईने पॉलिसी सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटून पॉलिसी बंद पडली तरी तक्रारीचा हक्क शाबूत राहतो. उलट दुसरा हप्ता भरला की कंपनीला आयते उत्तर मिळते: दर वर्षी भरायचे हे ग्राहकाला माहीत होते, म्हणून तर त्याने भरले. सरेंडरच्या फॉर्मवर पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाल्याची कबुली असते, त्यामुळे तो भरल्यावर तक्रार पांगळी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिले वर्ष संपल्यावर आणि त्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असल्यास सरेंडर मूल्य द्यावे लागते, पण ते भरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी भरते. तुम्हाला करार मुळापासून रद्द करून पूर्ण हप्ता परत मागायचा आहे. ती वाट वेगळी आहे.

एजंट तोंडी "एकदाच" म्हणतो आणि फॉर्मवर दहा वर्षे लिहितो, ही नजरचूक नसते. त्यामागे कमिशनचे साधे गणित आहे. वर्षानुवर्षे एकरकमी पॉलिसीवर कमिशनची कमाल मर्यादा २ टक्के होती आणि दहा वर्षे हप्ते असलेल्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३० टक्के. म्हणजे त्याच पाच लाखांवर एका फॉर्मचे दहा हजार आणि दुसऱ्या फॉर्मचे दीड लाख. एप्रिल २०२३ पासून या प्रकारनिहाय मर्यादा गेल्या, कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली आणि कमिशन किती द्यायचे ते कंपनीचे संचालक मंडळ ठरवू लागले. तरी पहिल्या वर्षी भरघोस आणि नंतर थोडे, हा उतार तसाच आहे. पेन्शनवर जगणारा माणूस दुसऱ्या वर्षी पाच लाख आणणार कुठून, हे एजंटाला ठाऊक असते. पण त्याचे काम पहिल्याच हप्त्यात झालेले असते.

आता विमा मुलावर का गेला ते पाहू. बचतीच्या पुष्कळ योजनांत प्रवेशाचे वय पंचावन्न ते पासष्टच्या आसपास संपते. त्यापुढे योजना मिळाली तरी वैद्यकीय तपासणी लागते आणि जोखमीचा खर्च इतका वाढतो की परतावा डोळ्यांत भरण्यासारखा उरत नाही. म्हणून वडिलांना प्रस्तावक, म्हणजे पैसे भरणारा मालक करतात आणि विमा मुलाच्या किंवा नातवाच्या आयुष्यावर काढतात. वडील मात्र "मला काही झाले तर हिला पैसे मिळतील" याच समजुतीत राहतात. प्रत्यक्षात वडील गेले तर या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याची जोड घेतलेली नसेल, तर हप्ते चालूच राहतात आणि ते भरायचे ओझे घरच्यांवर येते. नॉमिनीच्या रकान्यात आईचे नाव पाहून समाधान मानू नका. नॉमिनीला पैसे मिळतात ते ज्याच्यावर विमा आहे तो गेल्यावर.

तुमच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट सर्वांत बळकट पुरावा आहे. सज्ञान माणसावर विमा काढायचा तर प्रस्तावावर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, त्याचीही सही किंवा ओटीपीने दिलेली संमती लागते. तुम्ही ती दिली नसेल तर ती दुसऱ्या कोणी तरी दिली आहे. "मला वेगळे सांगितले होते" हे सिद्ध करणे अवघड असते. "ही सही माझी नाही" हे बँकेतल्या नमुना सहीशेजारी कागद ठेवून दाखवता येते.

या सगळ्या प्रकरणांत मी एकच सल्ला देतो: एजंट काय बोलला यावर भांडू नका, त्याने काय लिहिले ते शोधा. खोटे लिहावे लागते, कारण खरे लिहिले तर कंपनीची तपासणीच प्रस्ताव अडवते. ३२ हजार पेन्शन म्हणजे वर्षाला ३ लाख ८४ हजार. त्या उत्पन्नावर पाच लाखांचा वार्षिक हप्ता कुठलीही कंपनी सहजी स्वीकारणार नाही. म्हणजे प्रस्तावात उत्पन्न बारा-पंधरा लाख दाखवलेले असणार आणि व्यवसायाच्या रकान्यात "निवृत्त" ऐवजी "व्यापार" किंवा "शेती" लिहिलेले असणार. शेतीचे उत्पन्न दाखवणे आपल्या भागात फार सोपे पडते, कारण सातबारा असतो आणि आयकर विवरण नसते. निफाड-दिंडोरीत वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर द्राक्षबागेचे दहा लाख लिहिलेले प्रस्ताव आढळले तर नवल वाटू नये.

प्रस्ताव फॉर्मची प्रत मागवा आणि शांतपणे वाचा. मोबाईल नंबर कोणाचा आहे? ई-मेल कोणाचा? ज्येष्ठांच्या पॉलिसीत तिथे अनेकदा एजंटाचा किंवा त्याच्या ऑफिसातल्या मुलाचा नंबर असतो, कारण ओटीपी, खातरजमेचा फोन आणि पॉलिसीची डिजिटल प्रत सगळे तिथेच जाते. हप्ते भरायची मुदत आणि पॉलिसीची मुदत हे दोन वेगळे रकाने आहेत, दोन्ही पाहा. आरोग्याच्या प्रश्नांना सरसकट "नाही" लिहिले आहे का ते बघा. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी लपवून काढलेली पॉलिसी ही दुहेरी फसवणूक असते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षे कंपनी लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारू शकते, आणि लपवणारा एजंट असला तरी फॉर्म ग्राहकाचा मानला जातो. शेवटी सहीचे पान. फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे वेगळे निवेदन लागते आणि ते सहसा एजंट सोडून तिसऱ्या व्यक्तीने करायचे असते. ते कोरे आहे का, की त्यावर एजंटाच्याच माणसाची सही आहे? वडिलांना "इथे, इथे आणि इथे" म्हणत कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या असतील तर हेच पान ते सांगते. बँकेच्या काउंटरवरून पॉलिसी विकली गेली असेल तर विकणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि कोड फॉर्मवर असतो. तो टिपून ठेवा, पुढे "आमचा माणूस नव्हताच" असे उत्तर येऊ शकते.

बचतीच्या योजनेत लाभाचे उदाहरण नावाचा तक्ता असतो. त्यात खात्री नसलेला परतावा ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीतकांवर दाखवतात आणि त्यावर ग्राहकाची व एजंटाची सही असते. एजंट फक्त ८ टक्क्यांचा रकाना दाखवतो, किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतः बनवलेला रंगीत कागद पाठवतो. तो रंगीत कागद, मेसेज, पेनाने आकडे लिहिलेले व्हिजिटिंग कार्ड, डायरीचे पान, काहीही फेकू नका. छापील तक्ता आणि एजंटाच्या हातचा आकडा यांतला फरक शेजारी शेजारी ठेवला की तक्रार अर्धी जिंकल्यात जमा.

खातरजमेच्या फोनबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण कंपनी तेच अस्त्र काढते. पॉलिसी देण्याआधी कंपनी फोनवर किंवा व्हिडिओवर विचारते: दर वर्षी इतका हप्ता, इतकी वर्षे, हे समजले का? एजंट शेजारी बसलेला असतो. त्याने आधीच सांगून ठेवलेले असते की "फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर एफडीचे व्याज अडकेल." वडील "हो, हो" म्हणतात. हे रेकॉर्डिंग कंपनीकडे मागा आणि पूर्ण ऐका. फोन कुठल्या नंबरवर गेला, कोणत्या भाषेत झाला, प्रश्न किती वेगाने वाचले गेले, मागून कोणी उत्तर पुटपुटते आहे का, आवाज वडिलांचाच आहे का. हिंदीत एका दमात वाचलेले सहा प्रश्न आणि त्यांना आलेले सहा "हो" म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे, असे तक्रारीत स्पष्ट लिहा.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ती कारण न देता परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती, १ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना ३० दिवस. हप्त्यातून तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम परत येते. यूनिट जोडलेल्या, म्हणजे पैसे बाजारात गुंतवणाऱ्या पॉलिसीत त्या दिवसाच्या यूनिटच्या भावाप्रमाणे फरक पडतो. एजंट हे जाणतो, म्हणून बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा छापील कागद, स्वतःकडे ठेवतो. "लॉकरला ठेवतो काका, तुमच्याकडे हरवेल" म्हणतो, किंवा डिजिटल प्रत स्वतःच्या ई-मेलवर घेतो. ३० दिवस मोजायचे ते पॉलिसी मिळाल्याच्या तारखेपासून. म्हणून ती कोणाला, कधी, कुठे पोचली याचा पुरावा कंपनीकडे मागा. पोचवल्याची सही वडिलांची नसेल, किंवा डिजिटल प्रत परक्या ई-मेलवर गेली असेल, तर मुदत वडिलांसाठी सुरूच झाली नाही असा मुद्दा मांडता येतो. हा मुद्दा बरेच लोक मांडतच नाहीत आणि "वर्ष झाले, आता काय होणार" म्हणून सोडून देतात.

आता "दीडपट" या शब्दाकडे. दर वर्षी २ लाख असे पाच वर्षे भरले आणि दहाव्या वर्षाअखेर १५ लाख मिळाले, तर दहाचे पंधरा झाले म्हणून ते दीडपट दिसते. वार्षिक चक्रवाढ दर काढला तर तो जेमतेम सव्वापाच टक्क्यांपर्यंत जातो. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत उघडता येणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. तो दर तिमाहीला ठरतो, पण खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो, व्याज दर तीन महिन्यांनी हातात येते आणि ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात. एजंट "दर वर्षी १० टक्के" म्हणतो तेव्हा ते दहा टक्के कशाचे, विमा रकमेचे की भरलेल्या पैशांचे, आणि मुद्दल परत येणार की नाही, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. लिहून देणारा एजंट विरळा.

"करमुक्त" हा शब्दही असाच तपासा. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही. ज्येष्ठांना विकल्या जाणाऱ्या एकरकमी पॉलिसीत १० लाख भरून विमा साडेबारा लाखांचा असतो. म्हणजे हप्ता विमा रकमेच्या ८० टक्के झाला, आणि नफ्यावर कर लागला. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम करमुक्त असते. एजंट तेवढेच अर्धे वाक्य सांगतो.

यूनिट जोडलेल्या पॉलिसीत वयाचा फटका आणखी आत लपलेला असतो. समजा ६५ वर्षांचा माणूस वर्षाला १ लाख भरतो आणि विमा १० लाखांचा आहे. सुरुवातीला कंपनीच्या डोक्यावरची जोखीम, म्हणजे विमा रकमेतून जमा पैसे वजा जाता, साधारण ९ लाख. या वयाला हजार रुपयांमागे १६ रुपये असा दर धरला तर वर्षाला १४,४०० रुपये फक्त जोखमीपोटी यूनिट विकून कापले जातात, आणि वयाबरोबर हा दर दर वर्षी चढतो. मुले कमावती आहेत, कर्ज नाही, अशा माणसाला या विम्याची गरज बहुधा नसतेच.

जुन्या पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणे हा प्रकार मला सर्वांत क्रूर वाटतो. अठरा वर्षे हप्ते भरलेली, दोन वर्षांत पिकणारी पॉलिसी "बंद पडलेली स्कीम" म्हणून सरेंडर करायला लावतात किंवा तिच्यावर कर्ज काढून नवा हप्ता भरतात. जमा बोनसचा मोठा भाग जातो, शेवटचा जादा बोनस हुकतो, नवी पॉलिसी वाढलेल्या वयाच्या दराने मिळते आणि कलम ४५ ची तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. कोणी सरेंडर सुचवले तर आधी कंपनीच्या शाखेत जाऊन आजचे सरेंडर मूल्य आणि मुदतपूर्तीची अंदाजे रक्कम दोन्ही लेखी मागा. "तुमचा बोनस अडकलाय, सोडवायला नवी पॉलिसी घ्या" असे फोन येतात ते तर सरळ गुन्हेगारांचे. विमा नियामक आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. असा फोन येऊन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर सायबर तक्रार करा.

एजंटाने हप्त्यातला काही भाग रोख परत देऊ केला असेल तर तेही जाणून घ्या: विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही बेकायदा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. वडिलांनी काही रोख घेतली असेल तर ते लपवू नका. सुनावणीत ते बाहेर आले की बाकीची खरी तक्रारही संशयात सापडते.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. पहिले पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, वडिलांच्या नावाने आणि सहीने, कारण पॉलिसीचे मालक ते आहेत. सोबत तुमचे वेगळे पत्र, की सही किंवा ओटीपी तुम्ही दिलेला नाही. पत्र एका पानाचे असू द्या: काय सांगितले, काय लिहिले गेले, प्रस्तावातल्या कोणत्या नोंदी खोट्या आहेत, आणि मागणी काय. मागणी दोन पायऱ्यांत लिहा. पहिली, करार रद्द करून पूर्ण हप्ता व्याजासह परत. दुसरी, ते नाही तर भरलेली रक्कम एकरकमी पॉलिसीत बदलून द्यावी. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पुष्कळदा असा मधला मार्ग निघतो, म्हणून तो पर्यायी मागणी म्हणूनच ठेवा. त्याच पत्रात प्रस्ताव फॉर्म, लाभाचा तक्ता, गरज तपासणीचा अर्ज, ओळखपत्रे, खातरजमेचे रेकॉर्डिंग, ओटीपी गेलेला नंबर आणि पॉलिसी पोचल्याचा पुरावा मागा. शाखेत दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. "साहेब नाहीत, ठेवून जा" हे चालवून घेऊ नका. पोस्टाने पाठवले तर पोचपावती जपा. बँकेत ऑटो डेबिट लावलेले असेल तर त्याच दिवशी ते लेखी बंद करा, नाहीतर सवलतीच्या मुदतीत हप्ता आपोआप कापला जाईल.

कंपनीने १४ दिवसांत उत्तर द्यायचे असते. सोबतच विमा भरोसा या पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल, किंवा महिनाभर काहीच आले नाही, तर विमा लोकपाल. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवरही होते, शुल्क नाही, वकील चालत नाही आणि लागतही नाही. मर्यादा ५० लाखांपर्यंत. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. पटला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. उलटे मात्र चालत नाही: आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे. शुल्क पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. सही खोटी असल्याची खात्री पटली की जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या. तिची पोच कंपनीला पाठवली की उत्तराचा सूर बहुधा बदलतो.

मधल्या काळात एजंट घरी येईल. "साहेबांशी बोललोय, या कागदावर सही करा, महिन्यात पैसे" म्हणेल. तो कागद बहुधा समाधान झाल्याचे पत्र असतो किंवा सरेंडरचा फॉर्म. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून घरात दुसऱ्याने वाचायचा, एवढे वडिलांशी ठरवून ठेवा.

आणि वडिलांचे निवेदन आजच लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या हस्ताक्षरात. एजंट कोणत्या दिवशी आला, घरी की बँकेत, सोबत कोण होते, एफडी किती तारखेला मोडली किंवा संपली, चेक कोणाच्या नावाने लिहिला, किती ठिकाणी सह्या केल्या, फॉर्म भरलेला होता की कोरा, फोन आला तेव्हा शेजारी कोण होते, पॉलिसी कधी हातात आली. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असेच लिहू द्या. त्यांना दोष देत विचारू नका. घरच्यांच्या रागाला भिऊन म्हातारी माणसे अर्धे सांगतात, आणि नेमका तोच राहिलेला अर्धा भाग सुनावणीत हवा असतो. निवेदनासोबत त्या महिन्याच्या बँक पासबुकाची प्रत जोडा: एफडीची रक्कम खात्यात आल्याची तारीख आणि विम्याचा चेक वटल्याची तारीख यांत दोन-तीन दिवसांचेच अंतर असेल, तर त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.